सत्तावीस महिन्यांचे

उंदरांच्या खोलीत उजाडतं ते घड्याळाच्या हुकमाने:
सातला दिवे, सातला अंधार.
बाहेर सेगेद शहरावर धुकं, तिसा नदी गोठायच्या बेतात,
आणि मी, बेर्तालान, त्रेसष्ट पूर्ण,
पिंजऱ्यांतला भुसा बदलतोय.

खालच्या फळीवर म्हातारे.
सत्तावीस महिने म्हणजे त्यांच्या हिशेबात
माझ्याहून वडीलच.
पाठ पिवळट, शेपटी खरबरीत,
पाण्याच्या नळीपर्यंत जातात
नि कशाला आलो होतो, असे थांबतात.

एमोकेबाई सुई घेऊन येतात.
तिळाच्या तेलात विरघळवलेलं पुरुषपण,
दर तिसऱ्या दिवशी, मानेच्या सैल कातडीखाली.
अर्ध्यांना नुसतंच तेल.
कुणाला काय ते वहीत, वही कुलपात.
पण एकेचाळीस नंबरला उचललं की मला कळतं
त्याच्या वाट्याला तेलच आलंय.
मी बोलत नाही. बोलायचं नसतं.

सहा आठवड्यांनी टेबलावर निजवतात.
नसेला तार, आणि त्या जागी केसाएवढी सुई.
पडद्यावर रेघ चढते, पाऱ्याच्या मिलिमीटरांत.
तरुणाची रेघ टेकडी,
म्हाताऱ्याची उंबरठा,
औषध लाभलेल्या म्हाताऱ्याची
उंबरठ्याच्या वर एखादी पायरी.
"लक्षणीय," बाई म्हणतात.
पायरी मलाही दिसते.
खोलीत मादी मात्र एकही नसते.
तारेने भागतं.

एकेचाळीस टेबलापर्यंत आलाच नाही.
आदल्या रात्री गेला,
कोपऱ्यात कागदाच्या चिंध्यांचं नीट घरटं करून.
वहीत त्याच्यापुढे आडवी रेघ.
तीही सपाट.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात नोव्हेंबरपासून
डॉक्टरांची चिठ्ठी आहे. औषध तेच,
फक्त माणसाच्या मापाचं.
दुकानावरून चार वेळा गेलो,
चारही वेळा काचेत माझीच टोपी पाहिली.

आज घरी पिरोश्का खसखस दळत होती,
कोपरापर्यंत निळीकाळी.
चिठ्ठी टेबलावर, उलटी.
मागच्या कोऱ्या बाजूला तिच्या अक्षरात यादी:
यीस्ट, दूध, मनुका, बल्ब.

मी यादी तीनदा वाचली.
पुढची बाजू तिने वाचली असणार;
ती दळत राहिली.

"बल्ब कुठला गेलाय?"
"पलंगाजवळचा. तुझ्या बाजूचा."
यंत्राचा दांडा एक फेरा फिरला, मग दुसरा.
"आण. पण आजच लावू नकोस."