साक्षीदार नंबर चार

लॉ कॉलेजच्या पोरांनी खटला पुन्हा उभा केला,
सन अठराशे एकोणनव्वदचा.
टेबलावर हिरवी चादर, आमच्याच पेठेतली,
जज्जाच्या हातात सुताराकडून आणलेला हातोडा.
मला बोलावलं, कारण नकल विभागात एकतीस वर्षं
मोडी वाचून माझे डोळे गेले,
आणि राजव्वाचं काम करायला
तेलुगू येणारी बाई हवी होती.

मयत नरसम्मा, वय अंदाजे बावीस.
साखर पेठेतल्या आडात सापडली,
मुठीत लाल सुताचा तुकडा.
शिपायांनी गल्लीत हात तपासले.
इमामसाब रंगरेजाचे लाल निघाले.
रंगरेजाचे हात, दुसरे कसले निघणार?
सात महिने कच्च्या कैदेत ठेवून
साहेबानं त्याला संशयाचा फायदा दिला.
तो फायदा घेऊन माणूस कुठं गेला,
कागदात नाही.

वकील झालेली पोरगी झकास भांडली,
कंदील किती लांब, आडाचा काठ किती उंच.
मग माझी पाळी.
"त्या रात्री काय पाहिलंत?"
टाइप केलेलं उत्तर हातात होतं: मला ठाऊक नाही.

राजव्वा बोलली तेलुगूत,
दुभाष्यानं मराठी केलं,
साहेबानं इंग्रजीत उतरवलं.
पण समासात, मोडीत, कुण्या कारकुनानं
तिचा एक शब्द तसाच ठेवलाय.
मी तो वाचला त्या दिवशी
टेबलावरचा चहा तसाच राहिला.

कागद पालथा घातला.
म्हणाले, "चेप्पलेनु."

मागच्या बाकावर आमच्या बायकांची कुजबुज थांबली.
जज्ज झालेला मुलगा लातूरकडचा. "म्हणजे?"
म्हणजे सांगता येत नाही.
"म्हणजे माहीत नाही, असंच ना?"
नाही रे बाबा. माहीत नाही ते 'तेलियदु'.
हे माहीत असल्यावरच म्हणता येतं.

त्यानं पात्रांची यादी चाळली.
फौजदार होता, डॉक्टर होता,
आडात उतरलेला कोळीसुद्धा होता.
नवऱ्याचं काम कुणाला दिलंच नव्हतं.
तेव्हाही त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
तिसऱ्या दिवशी त्याचा माग चालू होता,
एवढं एका शेजाऱ्याच्या जबानीत, जाता जाता.

सहाला हॉल रिकामा करायचा होता.
निकाल जुनाच वाचला. टाळ्या.

बाहेर बेसिनपाशी इमामसाब झालेला पोरगा
हात घासत उभा. कुंकवाचं पाणी फासलं होतं त्यांनी,
निघत नव्हतं.
खोबरेल लाव, म्हणाले.
थोडा वेळ तिथंच थांबले.