पाऊण झाकण

रानडुकराला दोन झाकणं, शिगोशिग.
घुशीला किती, हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

दौलूमामा अंगणात उकिडवे,
ठासणीची बंदूक मांडीला टेकलेली,
चुन्याच्या डबीचं झाकण हाच तराजू.
परवा दीड झाकण दारू भरली,
तर घूस राहिली बाजूला, बांधच फुटला
आणि पाटाचं पाणी कांबळ्याच्या भुईमुगात.
काल अर्धं भरलं,
छर्रे पायापुढं सांडले, जोंधळं सांडल्यागत.

"आज पाऊण," मामा म्हणाले, "आनि छर्रं मोहरीएवढं."
वर काथ्याचा बोळा. गज माझ्या हातात.
"दाब. तसं न्हवं. बाळंतिणीचं पोट बांधत्यात तसं,
घट्ट, खरं दुखाय न्हाई पायजे."

एवढ्यात पोलीस पाटील, सायकलवरनं न उतरता:
"निवडणूक लागली. हत्यारं आजच्या आज
राधानगरीला जमा."

भरलेली बंदूक ठाण्यात घेत नाहीत.
ठासलेलं तर उलटं निघत नाही.

बांधावर गेलो. बिळाच्या तोंडाशी कुणीच नव्हतं,
नुसती टरफलं, ओली.
मामांनी तरी नेम धरला, श्वास रोखून.
आवाज बेताचा.
धूर भोगावतीकडं सरकला, सावकाश,
कुणाची तरी वाट बघत चालल्यासारखा.
बांध शाबूत. चिखलात
परातीएवढं गोल, छर्रा न् छर्रा बसलेला.

"जमलं की," मामा म्हणाले, बिळालाच,
आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून
एसटीच्या थांब्याकडं निघाले.
वळणावरून परत आले,
झाकण माझ्या मुठीत घातलं:
"निकाल लागूस्तवर हरवू नगंस."