समासातलं तेल

टेबलावर सतरा पोथ्या, एकाच देवीच्या.
लॉ कॉलेज रस्त्याच्या मागं, टेकडीच्या पायथ्याशी,
खिडकीबाहेर मोर ओरडतो, मी ओव्या जुळवतो:
क प्रतीत 'जळ', ख मध्ये 'जाळ',
ग ला इथंच वाळवी लागलीय.
वाळवीही नोंदवायची, असं उपासनीबाई म्हणतात.
त्या गंमत करत नाहीत.

'कर्ता' या रकान्यात
सतरा वेळा तेच: स्वयें देवी वदली.
ऐकलं कोणी, ते कुठंच नाही.
नाव आहे ते उतरवून घेणाऱ्याचं, शेवटच्या पानावर,
तेही तक्रारीसारखं:
पाठ गेली, मान गेली, डोळ्यांना पाणी,
दिसलं तसं लिहिलं, मला बोल लावू नका.

च प्रत सगळ्यांत जुनी.
एकोणिसाव्या पानाच्या समासात
त्याच शाईत, फक्त घाईनं:
दिवा निमाला. सगुणे, तेल आण.

पुढं कधीतरी कुणी ही प्रत उतरवताना
समासातलं आत घेतलं.
छ मध्ये देवीच म्हणते, सगुणे, तेल आण.
ज मध्ये सगुणा तिची दासी.
झ मध्ये सगुणेला अख्खा अध्याय,
मागच्या जन्मीचा शाप,
आणि एक नवरा, जो काहीच करत नाही.

आमच्या तांबट आळीत अष्टमीच्या रात्री
देवळातले दिवे मुद्दाम शांत करतात.
अंधारात पुजारीण हाक मारते, सगुणे गं,
आणि बायका तेलाच्या वाट्या घेऊन आत शिरतात.
आई चाळीस वर्षं जातेय.
एकदा तापात गेली होती, पायरीवर सांडली,
तेल नाही, ती.

रविवारी वडिलांना सांगितलं.
ते आजोबांनी घडवलेल्या हंड्याचा पोचा काढत होते.
म्हणाले, म्हणजे खोटं?
मी म्हणालो, खोटं नाही. चूक.
त्यांनी हंडा माझ्याकडं फिरवला:
यात माझे ठोके कुठले, त्यांचे कुठले, दाखव.
मला दाखवता येईना.
मला दिसतात, ते म्हणाले,
पण गिऱ्हाईक पाणी भरायला नेतं.
आणि परत ठोकू लागले, म्हणजे बोलणं संपलं.

आई मोरीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती.
तिनं एवढंच विचारलं,
आणलं का मग तिनं?

सोमवारी विसावं पान उघडलं.
अक्षर पुन्हा ताठ, वेलांट्या सावकाश,
कुणीतरी शेजारी वात सारून दिल्यासारख्या.
उजव्या कोपऱ्यात एक डाग.
उपासनीबाईंनी भिंग दिलं आणि काही बोलल्या नाहीत.
मी 'कागदाची स्थिती' या रकान्यात लिहिलं:
तेलाचा डाग, एक. बोट लहान.
डागातून मागच्या पानावरची ओवी दिसते,
उलटी,
पण वाचता येते.