डावी बाजू

हर्णै बंदर. बर्फ कारखान्याची माडी, रात्रीचा दीड.
किक बसवतोय.
किक म्हणजे आबांच्या होडीचं इंजिन,
दोन सिलिंडरचं, सुरू होताना खोकणारं.

दोनशे हर्ट्झला नुसता गाळ,
ओहोटीला पाय रुततो तसला.
उपसला,
तर डिझेलचा वासच गेला.
परत टाकला. अर्धा.

लिलावातली भिकीआत्या कॉम्प्रेसरला जुमानत नाही.
चारास एक, सहास एक, आठास एक,
तरी तिचं "बोला, बोला, साडेतीन हजार"
दाव्याला हिसडा देऊन वर येतंच.
शेवटी मोकळी सोडली,
डावीकडे, पार टोकाला,
धक्क्यावर ती उभी असते तिथे.
उजवीकडे फुटणारा बर्फ, खुळखुळ्यासारखा.

आबा चहा घेऊन वर आले.
हेडफोन लावला, मान डोलली.
"बरंय. पण भिकी कुठाय?"

इंजिन डाव्या हाताला ठेवून
सव्वीस वर्षं सुकाणू धरलं त्यांनी.
तो कान कधीच गेलाय.
मला ठाऊक होतं,
माझ्या बोटांना नव्हतं.

मोनोच्या बटणाकडे हात नेला,
तोवर त्यांनी हेडफोन उलटा घातला.
"आली. आता बर्फ गेला...
असूदे, तो खाली आहेच.
पहिल्यापासून लाव."