मागचे दार

आराखड्याची मुदत मंगळवारी संपते.
मी खारजुवे पंचायतीचा सचिव,
पुढ्यात छापील तक्ते:
गटार, संरक्षक भिंत, स्मशानाचे पत्रे,
फेरीच्या धक्क्यावर एक उंच दिवा.
लोकसंख्येच्या रकान्यात दरवर्षी
मी तोच जुना खानेसुमारीचा आकडा उतरवतो,
जणू तेव्हापासून या बेटावर
कोणी जन्मले नाही,
कोणी विमानात बसले नाही.

पिएदाद सिस्टरने लशींचा निळा डबा
खांद्यावरून उतरवला, माझ्या तक्त्यांवरच ठेवला.
मेणकापडात गुंडाळलेली वही काढली.
म्हणाली, बरय.

एक्केचाळीस घरांना कुलूप. चाव्या शेजारी,
माणसे लिस्बनला, कुवेतला.
आनामारीची चार मुले, चारी मोबाइलमध्ये;
इन्सुलिन टोचायला मी.
शाळेत पहिलीत सहा जण,
त्यातले तिघे घरी कन्नड बोलतात.
हॉटेल बांधतात त्याच्या मागच्या पत्र्यांत बासष्ट माणसे.
मतदारयादीत नाहीत, रेशनवर नाहीत,
माझ्या वहीत आहेत.
कोप्पळची हुलिगेम्मा गेल्या पौषात
धक्क्यावर बाळंत झाली. फेरी पलीकडच्या काठाला होती,
आडोसा खलाशाच्या ताडपत्रीचा.
मूल जगले.
आता त्याला कुठल्या वाड्यात बरवू, सांग.

मी म्हटले, सिस्टर, हे आरोग्य खात्याचे.
आमच्याकडे याला हेड नाही.

ती हसली नाही. भिंतीवर हात ठेवून म्हणाली,
सेक्रेटरी, हांगा दार जाय.

पंचायतीच्याच इमारतीत तिची खोली,
तिचे एकुलते दार वऱ्हांड्यात उघडते,
आणि वऱ्हांड्यात फेरीची वाट बघत
सकाळपासून पुरुष पत्ते कुटतात.
कुठली बाई आत गेली, किती वेळ थांबली,
डाव न चुकवता त्यांना कळते.
गावड्यांची चंद्रावळ, दोन मुलांवर थांबायचे म्हणून
तीनदा आली,
तीनदा खोकल्याचे औषध मागून परत गेली.
खोकला नसलेल्या बाईच्या फळीवर
तीन बाटल्या, सील न फोडलेल्या.

रविवारी मिसा सुटल्यावर ग्रामसभा.
जत्रेच्या कमानीवर पावणेदोन तास.
विषय सतरावा: उपकेंद्रास मागील बाजूने दार.
मिंगेल उठला: माणसे आटत चालली गावातली,
आणि तुम्ही नियोजन कसले करता?
कोणी म्हणाले, पत्र्यांतल्यांना आज मोजाल,
उद्या ते नळ मागतील.
मी इतिवृत्तात लिहिले: साधकबाधक चर्चा झाली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून चंद्रावळ,
पदर नीट करत, उभी राहून, सरपंचांकडे बघत:
माझा खोकला अजून बरा झाला नाही.

एक बाई हसली. मग दुसरी.
मग बायकांची ती अख्खी बाजू,
तोंडावर हात धरून, मग हात न धरता.
पुरुष एकमेकांकडे बघू लागले.
सरपंचांनी घड्याळ पाहिले, फेरी सुटायची होती.
घ्या लिहून, म्हणाले.

तीन फूट बाय सात.
अंदाजपत्रकात इंजिनिअरने कारण घातले: हवा खेळती राहावी म्हणून.
मी खोडले नाही. दार झाल्याशी मतलब.
धक्क्यावरच्या दिव्यापुढे मात्र मी एक ओळ वाढवली:
रात्रीची फेरी, बाळंतिणीसाठी, बोलावल्यावर.
याला कुठले हेड, ते तालुक्याला ठरवू दे.

आणि तो रकाना.
जुना आकडा पुसून वहीतला घातला,
पत्र्यांतली बासष्ट धरून,
पेन्सिलीने. सिस्टर म्हणाली,
गुरुवारपर्यंत एक वाढेल.

भिंत अजून फोडलेली नाही.
चिऱ्यांवर कोळशाने आखलेला चौकोन आहे नुसता.
काल संध्याकाळी चंद्रावळ त्या बाजूने आली,
चौकोनापाशी थांबली,
बोटाने कोळसा पुसला जातो का ते पाहिले,
आणि वळसा घालून
पत्त्यांच्या डावासमोरून
आत गेली.