एक ते चार

मिरजेत दस्तगीरचाचा शिकलगारांच्या दुकानात
फडक्यावर तीन दुर्बिणी मांडलेल्या.
पोरगा म्हणाला, ही घ्या आक्का, चोवीस पट,
चंद्रावरचे खड्डे दिसतील.
म्हटलं, चंद्र माझा मका खात नाही.

मला पाहिजे एक ते चार.
डुक्कर येतं चाळीस पावलांवर,
दिवेलागणीला, बांधाच्या अलीकडं,
आणि कुणासाठी थांबत नाही.
चोवीस पटीत त्याचा एक केस दिसेल,
डुक्कर कुठं गेलं ते दिसणार नाही.

अण्णांनी सगळी उमर साध्या माशीवर काढली.
पण मागची खाच, पुढचा मणी आणि जनावर
तिन्ही एकदम दिसायचं माझं वय गेलं.
परवाना नावावर करताना कारकून म्हणाला होता,
चालवणार कोण?
म्हटलं, नाव वाचा की.

चाचांचा आजा तलवारींना धार लावायचा,
बाप तंबोरे लावायचा,
चाचा दोन्हीतलं उरलेलं करतात.
खुंटी घासता घासता मान वर न करता बोलले:
एकावर ठेव. दोन्ही डोळे उघडे.
रस्ता आहे तेवढाच दिसला
आणि वर नुसती फुली तरंगली, तर पैसे मोज.

नुसती नळी घेऊन मी दारात उभी राहिले.
उसाची ट्रॉली, पानपट्टी, दप्तरं ओढणारी पोरं,
सगळं आपापल्या मापाचं.
मोजले पैसे.

शिराळ्याच्या वरच्या अंगाला बंद पडलेली खाण आहे.
तिथं ओळंबा टांगला,
उभी रेघ दोरीवर बसेपर्यंत कड्या सैल केल्या, आवळल्या.
डोळ्यापासून चार बोटं अंतर.
पहिल्या बाराला तीनच ठेवली होती;
कुंकवाच्या उजव्या अंगाला आता बारीक टाका आहे.

काडतुसं वर्षाची मोजकी.
एक मध्यावर.
वर आठ टिचक्या, एक.
उजवीकडं आठ, एक.
खाली आठ, एक.
डावीकडं आठ,
आणि पाचवी पहिलीच्या भोकाला टेकून,
गवंडी चौथऱ्याची दोरी फिरवून
पहिल्या खुंटीला येतो तशी.
मग कडी चारावर फिरवून आणखी एक.
मोठं करून बघितलं तरी जागा सोडली नाही.

राहिला उजेड.
संध्याकाळी माळ्यावर बसले,
बोल्ट काढून पिशवीत, शेंगदाण्यांबरोबर.
मारायचं नव्हतंच. बघायचं होतं,
वारणेकडून अंधार चढत येतो तेव्हा
काळ्या रेघा काळ्या मक्यात किती वेळ टिकतात.
साडेसहा: कणसं सुटी दिसत होती.
पावणेसात: पानं गेली, सऱ्या राहिल्या.
सातला दोन मिनिटं कमी असताना
मका हलला.

एकावर: काळा उंचवटा, बुटका, डोकं खाली.
दोनावर: कणीस मोडल्याचा आवाज, मग दुसरं.
चारावर: घोंगडी.
घोंगडीच्या वर पांढरी टोपी.
टोपीखाली तातोबा खबाले.

परवाच्या पंचनाम्यावर दोन नंबरची सही त्याची.
रानडुकरांनी अंदाजे तीन गुंठे मक्याची नासधूस केली,
समक्ष पाहिले.
समक्ष.

बोल्ट पिशवीत होता
तरी मी नळी आभाळाकडं केली
आणि हात मांडीला पुसले.
मग साध्या डोळ्यांनी बघितलं.
परत डुक्कर. चांगलं थोराड.
सहा-सात कणसं पोत्यात टाकून
दोन पायांवर बांध ओलांडून गेलं.

सकाळी चाचांचा फोन.
काय आक्का, कशी आहे दुर्बीण?
रेघा सातपर्यंत दिसतात, म्हटलं.
अन् डुक्कर?
अंगणापुढून तातोबा किटली घेऊन चालला होता,
राम राम म्हणाला, टाक्याचं विचारलं,
जपा म्हणाला.
फोन तसाच कानाला.
आलं होतं, म्हटलं,
पण परवान्यात बसणारं नव्हतं.