दीड बोट हवा

शोरूममधला पोरगा चाकाला प्रदक्षिणा घालून आला.
वीस इंची रिम, काळी, आरशासारखी.
"ही घेतलीत तर गाडी उभी असतानाही पळतेय असं वाटेल."
चौसष्टाव्या वर्षी मी भाळलो.
चारुशीलाने फक्त टायर अंगठ्याने दाबून पाहिला,
भेंडी जून आहे का बघावं तसा,
आणि काही बोलली नाही.

लॅन्सिंग ते जॅक्सन. दर रविवारी.
मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं स्टीलचं पातेलं:
कुमुदसाठी दही.
केमोनंतर तिच्या जिभेला तेवढंच सोसतं.
जुनी गाडी म्हणजे नुसता खुळखुळा,
पण दही पोचायचं कवडीसारखं,
चमचा उभा राहील असं.

नव्या गाडीच्या पहिल्या रविवारी
हायवेने काँक्रीटचा एकेक सांधा मोजून दाखवला.
ठक्. ठक्. ठक्.
मेसनजवळचा खड्डा थेट माझ्या मणक्यात उतरला.
कुमुदने झाकण काढलं:
पिवळट पाणी, त्यात फुटके तुकडे.
"ताकच आणलंस की रे," म्हणाली, आणि वाटीभर प्यायली,
हसत.
हसताना तिला दम लागतो.

मी सस्पेन्शनला दोष दिला.
मिशिगनच्या हिवाळ्याला, जो रस्ते गोठवतो, वितळवतो, फोडतो.
आमचा कर खाणाऱ्यांना.
शेवटी घसरलो चारुशीलाच्या दुधावर.
"दूध तेच," ती म्हणाली. "विरजण तेच.
बदललं काय, ते तू बघ."

डेल्मर टायरपाशी उकिडवा बसला, गेज लावला.
"बेचाळीस. दाराच्या चौकटीवर लिहिलंय पस्तीस.
आधी हवा सोडून बघू, तिचे पैसे पडत नाहीत."
गाडीने चारी पायांनी उसासा टाकला.
त्या रविवारी दही निम्मंच मोडलं.

पुन्हा गेलो.
तेव्हा त्याने रिम आणि जमीन यांच्यामध्ये
स्वतःचा काळा पंजा आडवा धरला:
"एवढंच रबर आहे तुझ्याकडे.
खड्डा आला, तर त्याने वाकायचं कुठे?"

मग अठरा इंची, साध्या, राखाडी रिमा,
आणि जाड कुशीचे टायर.
कुशीत दीड बोट जास्त हवा, बस्.
चौदाशे डॉलर.
हा आकडा मी घरी दोन हप्त्यांत सांगितला.

खोटं कशाला बोलू?
रॅम्पच्या वळणावर गाडी आता जराशी कलते.
स्टिअरिंगने सांगितलेलं ऐकायला क्षणभर उशीर लावते
("तुझ्यासारखीच," इति चारुशीला).
शेजारचा रॉडनी विचारतो, ती झकास चाकं कुठे गेली?
ती गॅरेजात आहेत, एकावर एक,
बर्फ ओढायच्या फावड्याला टेकू म्हणून.

सांधे अजून तितकेच आहेत.
फक्त ठक् चं डुब् झालंय.
दणका येतो, रबरात शिरतो, तिथेच बसतो,
मागे पातेल्यापर्यंत जात नाही.

हे विरजण मुळात कुमुदचंच.
बावीस वर्षांपूर्वी आम्ही इथे नवखे,
फ्रीजमध्ये फक्त पाव आणि अंडी,
तेव्हा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून
तिने दोन चमचे आणून दिलं होतं.
बाटली तिने बसमध्ये मुठीत धरली होती म्हणे,
सांडू नये म्हणून.

काल तिने झाकण काढलं.
चमचा घातला. चीर पडली,
कडा तशाच उभ्या.
चार चमचे खाल्ले.
पाचवा एका वाटीत काढून ठेवला.
"हे घेऊन जा. पुढच्या खेपेचं विरजण."

परतताना चारुशीलाने वाटी मांडीवर घेतली,
वर तळहात झाकणासारखा.
लेस्लीपाशी रस्ता नव्याने खोदलेला होता;
मी बोलण्याच्या नादात वेग कमी करायचा विसरलो.
बघतो तर तिने वाटीवरचा हात केव्हाच काढला होता,
आणि काचेला डोकं टेकून
ती झोपली होती.